खडकाच्या पोटातील वाटा

वाशीम जिल्ह्याच्या कडेने वाहणारी पैनगंगा पुढे नांदेड जिल्ह्यात पोहोचते, तेथे तिच्या काठी उनकेश्वराचे उष्णोदकाचे झरे आहेत. शरभंग ऋषी व प्रभू रामचंद्र यांच्या कथेने त्यांस पावित्र्य लाभले आहे. भारतातील अशा झऱ्यांची टॉमस ओल्डहॅम या भूशास्त्रज्ञाने केलेली यादी १८८२ साली प्रसिद्ध झाली. तिने स्थळे सांगितली. परंतु पाणी कोणत्या वाटेने वर येते, हे भूपृष्ठावर उभे राहून कळत नाही.

वऱ्हाडातील शेतकऱ्यास हा प्रश्न परका नाही. अखंड काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. ते असते त्याच्या भेगांत व झिजलेल्या थरांत. म्हणूनच एकाची विहीर भरते आणि बांधापलीकडची कोरडी राहते. भूगर्भातील उष्णतेचेही तसेच आहे. खोल जावे तशी ती सर्वत्र वाढते. पण तिला वर आणणारे पाणी बहुधा भेगांतूनच फिरते. भेग चुकली, की मोठ्या खर्चाचा बोअर व्यर्थ जातो.

ही वाट पाहण्याची विद्या तेलाच्या शोधातून जन्मली. ५ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथे श्लुम्बर्जे बंधूंच्या पद्धतीने बोअरमधील खडकांचा विद्युत्-रोध प्रथमच मोजण्यात आला. ते चित्र नव्हे, केवळ एक रेषा होती. १९६९ च्या सुमारास अमेरिकेत ध्वनिलहरींचे यंत्र पुढे आले. ते बोअरमध्ये सोडले असता फिरत फिरत भिंतीवर ध्वनी आदळविते व प्रतिध्वनीवरून सर्व बाजूंचे चित्र काढते. वेळूच्या नळीस तिरका छेद देऊन ती उभी चिरावी व उलगडून सपाट करावी, म्हणजे छेदाची कडा लाटेसारखी दिसते. तिरकी भेगही चित्रात तशीच उमटते. लाटेच्या उंचीवरून भेगेचा उतार व तिच्या तळावरून उताराची दिशा ठरते.

या यंत्राचा खरा कस पेशेलब्रॉनच्याच शेजारी, सुल्त्झ या गावी लागला. तेथे १९८७ पासून उष्णतेसाठी खोदकाम सुरू झाले आणि पुढे बोअर सुमारे ५ किलोमीटर खोल गेले. अखंड वाटणाऱ्या ग्रॅनाइटमध्ये भेगांचे पट्टेच्या पट्टे आहेत, हे या चित्रांनी दाखविले. पाणी वाहत होते ते त्यांतील मोजक्याच भेगांतून.

महाराष्ट्रात हीच विद्या निराळ्या, दुःखद कारणाने आली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला व कित्येकांचे प्राण गेले. त्याची कारणे शोधण्यासाठी २०१७ साली कोयना भागात ३ किलोमीटर खोल प्रायोगिक बोअर पूर्ण झाला. सुमारे १२५० मीटर काळा पाषाण ओलांडल्यावर खाली ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. बोअरच्या भिंतीची चित्रे केवळ भेगाच दाखवीत नाहीत. भिंतीचे टवके कोणत्या बाजूस उडाले आहेत, त्यावरून भूगर्भातील दाबाची दिशाही ती सांगतात.

उष्ण पाण्याची वाट आणि भूकंपाची वाट, दोन्ही अखेर भेगांच्याच. एक मानवास ऊर्जा देते, दुसरी घरे पाडते. दोहोंचा माग काढणारे साधन मात्र एकच आहे.