आजोबांची पट्टी आणि दशांशचिन्ह

गेल्या विकांताला माळा आवरताना आजोबांचा स्लाइड रूल सापडला. चुलतभाऊ सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "दादा, ही मोजपट्टी मधूनच सरकते कशी?" म्हटलं, बाबा रे, हा आजोबांचा कॅल्क्युलेटर!

नेपियरने १६१४ मध्ये लॉगॅरिदमची कोष्टकं छापली. पुढे दहाएक वर्षांतच विल्यम ऑट्रेडने लॉगच्या दोन पट्ट्या एकमेकींवर सरकवून गुणाकार करायची युक्ती काढली. लॉगची बेरीज म्हणजे गुणाकार, बस्स. ही पट्टी साडेतीनशे वर्षं चालली. पण गंमत अशी की ती दशांशचिन्ह सांगतच नाही. २.३ गुणिले ४.१ करा किंवा २३० गुणिले ४१, काचेवरची रेघ त्याच जागी थांबते: ९-४-३. उत्तर ९.४३ की ९४३० हे आपण डोक्यात ठरवायचं. म्हणजे आधी अंदाज, मग पट्टी. आळस करायची सोयच नव्हती.

१९७२ मध्ये एचपी-३५ हा खिशातला कॅल्क्युलेटर आला, किंमत ३९५ डॉलर. काही वर्षांतच पट्टीचा बाजार उठला. त्याने इंजिनियर बिघडले का? मला तरी नाही वाटत. आकडेमोड यंत्राकडे गेली, पण गणित कसं मांडायचं हे माणसाकडेच राहिलं. (अंदाजाची सवय मात्र गेली, माझीही!)

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि मांडणीही बाहेर गेली.

एमआयटी मीडिया लॅबच्या नतालिया कोस्मिना आणि मंडळींनी २०२५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बॉस्टन परिसरातल्या विद्यापीठांमधले ५४ जण, डोक्याला ईईजीच्या तारा, आणि निबंध लिहायचा. एका गटाला चॅटजीपीटी, दुसऱ्याला सर्च इंजिन, तिसऱ्याला फक्त स्वतःचं डोकं. पहिल्याच फेरीनंतर विचारलं, तुमच्याच निबंधातलं एखादं वाक्य सांगा. चॅटजीपीटीवाल्या १८ पैकी १५ जणांना धड सांगता आलं नाही. बाकीच्या गटांत अडले प्रत्येकी फक्त दोघं.

लगेच "मेंदू सडतो" वगैरे बातम्या आल्या, त्या सोडा. नमुना लहान आहे, आणि पेपर तज्ज्ञांच्या तपासणीआधीच जाहीर केलेला. मला चौथी फेरी जास्त रोचक वाटली. तिला १८ जणच उरले होते आणि साधनांची अदलाबदल केली होती. आधी स्वतः लिहून मग चॅटजीपीटी मिळालेल्यांचा मेंदू छान कामाला लागलेला दिसला, उलट क्रमाने आलेल्यांचा थंड. म्हणजे पुन्हा आजोबांचाच क्रम!

भावाची सोमवारी व्हायवा होती. असाइनमेंट चकाचक, पायरी न् पायरी लिहिलेली. मी सहज विचारलं, "चार मीटरचा बीम आहे, घरातलाच, साधा. मध्ये किती वाकेल? मिलिमीटरमध्ये की मीटरमध्ये?"

त्याने वहीचं पान उलटलं. मग पुन्हा मागे आला.

"थांब हां दादा," म्हणत त्याने मोबाईल शोधायला सुरुवात केली. मी पट्टी त्याच्या हातात दिली.