गोलसमोरून कडेला : कोल्हापूरच्या अनिकेत जाधवची वाटचाल (थ्रेड)

१/
विश्रामबागेपासून कोल्हापूर साधारण ५० किलोमीटरवर आहे. एवढ्याशा अंतरात खेळाची भाषा पार बदलते. सांगलीत विजय हजारे यांचे नाव निघते, अलीकडे स्मृती मानधनाचे. म्हणजे बोलणे क्रिकेटचे. पंचगंगेच्या काठी मात्र हंगामात पेठापेठांतून चर्चा चालते ती फुटबॉलची. त्या शहरातून एक मुलगा विश्वचषकापर्यंत पोहोचला. तो तिथे गोल करणारा म्हणून गेला आणि पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये विंगर झाला. हा बदल का घडला, याचा हा धागा.

२/
आधी थोडी पार्श्वभूमी. कोल्हापूरचे फुटबॉल तालमींच्या अंगणात वाढले. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनीच फुटबॉलचे संघ बाळगले. खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम ही नावे आजही संघांचीच ओळख आहेत. जोडीला शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब. १९४० साली स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन या संघांच्या स्पर्धा भरवते आणि शाहू स्टेडियमचा कट्टा भरून वाहतो. स्थानिक संघांच्या सामन्याला एवढी गर्दी जमवणारी शहरे महाराष्ट्रात फार नाहीत.

३/
पण या फुटबॉलचा परीघ शहरापुरताच राहिला. खेळाडू पेठेचा, प्रेक्षक पेठेचा, मानही पेठेत मिळणारा. त्यातून पोटापाण्याची वाट क्वचितच निघाली. निखिल कदमसारखा खेळाडू मोहन बागानपर्यंत गेला, तोही शहर सोडूनच. कोल्हापूरचे हे दुखणे जुने आहे आणि केवळ अभिमानाने ते झाकले जात नाही.

४/
अनिकेत जाधवचा जन्म १३ जुलै २००० चा, कोल्हापुरातलाच. वडील रिक्षाचालक. लहान वयातच तो पुण्यातील क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. राज्य शासनाच्या या निवासी संस्थेत निवडलेल्या मुलांचे शिक्षण आणि प्रशिक्षण एकत्र चालते. ज्या वयात पेठेतला मुलगा तालमीच्या संघाच्या पताका घेऊन मैदानावर जातो, त्या वयात हा मुलगा वसतिगृहात होता. त्याच्या वाटचालीतला निर्णायक टप्पा हाच म्हणावा लागेल. पुढचे सारे त्यातून आले.

५/
ऑक्टोबर २०१७. सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात भरला. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता. ६ ऑक्टोबरला दिल्लीत अमेरिकेविरुद्ध पहिला सामना झाला, त्यात भारताच्या आघाडीवर अनिकेत होता. (त्या चमूत आणखी एक मराठी आडनाव होते : अमेरिकेत वाढलेला बचावपटू नमित देशपांडे.) भारत तिन्ही सामने हरला : अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगने केलेला गोल हा फिफाच्या कोणत्याही विश्वचषकातला भारताचा पहिला गोल ठरला.

६/
त्यानंतर महासंघाने या मुलांचा मोठा भाग ‘इंडियन ॲरोज’ या नावाने आय-लीगमध्ये उतरवला. संघात एकही परदेशी खेळाडू नव्हता. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी गोव्यात बांबोळीच्या मैदानावर पहिला सामना झाला. चेन्नई सिटीवर ३-० असा विजय मिळाला आणि त्यातले दोन गोल अनिकेतचे होते. समोर प्रौढ व्यावसायिक खेळाडू, इकडे सतरा-अठरा वर्षांची मुले. गोलसमोर उभा राहून गोल करणारा कोल्हापूरकर त्या दिवशी देशाने पाहिला.

७/
२०१९ मध्ये त्याला इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये सरावाची संधी मिळाली. लँकेशायरमधल्या या जुन्या क्लबची मालकी २०१० पासून पुण्याच्या व्यंकीज समूहाकडे आहे, हा योगायोग मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगा. पुढे तो इंडियन सुपर लीगमध्ये जमशेदपूरकडून खेळू लागला. २९ ऑक्टोबर २०१९ रोजी हैदराबादविरुद्धच्या ३-१ विजयात त्याने गोल केला. त्याच सामन्यात जमशेदपूरच्या स्पॅनिश आघाडीपटूनेही, सर्जिओ कास्तेलनेही, गोल केला. मधली जागा कास्तेलची होती.

८/
खरा मुद्दा इथे येतो. सुपर लीगच्या नियमांनुसार सुरुवातीला एका संघाचे सहा परदेशी खेळाडू एका वेळी मैदानात असू शकत. २०१७-१८ पासून पाच, २०२१-२२ पासून चार. मालक आणि प्रशिक्षक हा कोटा बहुधा तिथे खर्च करतात जिथे सामना जिंकला जातो, म्हणजे गोलसमोर. पहिल्या आठ हंगामांची सर्वाधिक गोलांची यादी पाहा : एलानो, मेंडोझा, मार्सेलिन्यो, कोरो (दोनदा), वाल्स्किस, अँगुलो, ओगबेचे. एकही भारतीय नाही.

मग भारतीय आघाडीपटूने जायचे कुठे? कडेला.

९/
नेदरलँड्समध्ये विंगर घडवला जातो. आयाक्सच्या अकादमीत लहान वयोगटांपासून ४-३-३ ची रचना शिकवली जाते. कडेला खेळणे ही तिथे स्वतंत्र विद्या मानली जाते. ओव्हरमार्स त्याच परंपरेत चमकला. आपल्याकडचा विंगर बरेचदा रिकाम्या राहिलेल्या जागेतून तयार होतो. फरक खेळाडूच्या पायांत नसून व्यवस्थेत आहे. कडेच्या खेळाडूकडून धाव, क्रॉस आणि मागे येऊन बचाव अपेक्षित असतो; गोलांची संख्या साहजिकच घटते. आकडे पाहून ‘पुढे काही झाले नाही’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

१०/
२०२१ मध्ये अनिकेत हैदराबादकडे गेला. तिथे मध्यभागी बार्थोलोम्यू ओगबेचे होता. त्या हंगामात त्याने १८ गोल केले. १३ डिसेंबर २०२१ रोजी नॉर्थईस्ट युनायटेडवर ५-१ विजय मिळाला, त्यात अनिकेतचाही गोल होता. २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्यात अंतिम सामना झाला. केरळ ब्लास्टर्सचा गोल राहुल के. पी. याने केला, म्हणजे २०१७ च्या चमूतल्या सोबत्याने, आणि तोही कडेचाच खेळाडू. केरळच्या गोलजाळ्यात प्रभसुखन गिल होता, तोही त्याच चमूतला. ८८ व्या मिनिटाला गोव्याच्या साहिल तावोराने बरोबरी साधली, पेनल्टींत लक्ष्मीकांत कट्टीमणीने तीन फटके अडवले आणि हैदराबाद विजेते ठरले. त्याच महिन्यात बहारीनमध्ये झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्यांत अनिकेतने वरिष्ठ राष्ट्रीय संघाकडून पदार्पण केले.

११/
त्यानंतर ईस्ट बंगाल, मग ओडिशा. जमशेदपूर, हैदराबाद, कोलकाता, भुवनेश्वर : पंचविशीच्या आत चार शहरे. व्यावसायिक विंगरचे आयुष्य करारागणिक गाव बदलत जाते.

१२/
एक गोष्ट राहिली. अलीकडच्या हंगामांत शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांतूनही आफ्रिकेचे खेळाडू दिसू लागले. देशाच्या लीगमध्ये जे घडले त्याचीच ही छोटी आवृत्ती. कट्ट्यावरचा प्रेक्षक त्यांच्या गोलांवर तितक्याच जोराने ओरडतो आणि त्याच कट्ट्यावर बसलेली दहा-बारा वर्षांची मुले ते पाहत असतात.