गर्दीतला खरा सूत्रधार: सांध्यातल्या एका गाठीचा 65 वर्षांचा तपास

आजची गोष्ट एका गाठीची. ती बहुतेकदा गुडघ्यात होते, तीही ऐन तारुण्यात. कॅन्सरसारखी सहसा पसरत नाही, पण सांधा सुजतो, आखडतो आणि ऑपरेशननंतरही ती परत येऊ शकते.

साल 1941. न्यूयॉर्कचे जाफे, लिख्टेनस्टाइन आणि सुत्रो या डॉक्टरांनी या आजाराला नाव दिलं: पिगमेंटेड व्हिलोनॉड्युलर सायनोव्हायटिस. सायनोव्हायटिस म्हणजे सांध्याच्या अस्तराची सूज. मायक्रोस्कोपखाली पेशींची ही गर्दी दिसायची, त्यात अनेक केंद्रकं असलेल्या महाकाय पेशीही. मग ही नुसती सूज की खरा ट्यूमर? वाद दशकानुदशकं चालला, कारण दिसण्यावरून कुठली पेशी कोण हे सांगणं अवघड होतं.

गंमत बघा, त्याच 1941 मध्ये हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडला. अँटिबॉडी ठराविक प्रोटीनलाच चिकटते. म्हणजे प्रोटीन हेच पेशीचं ओळखपत्र! 1975 मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकसारख्या अँटिबॉडी हव्या तेवढ्या बनवायची पद्धत शोधली आणि ही ओळखपरेड पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोजची झाली.

या गाठीत ओळखपत्रं तपासली, तर बहुतेक पेशींवर सीडी68 आणि सीडी163 सापडले. ही मॅक्रोफेजची, म्हणजे शरीराच्या सफाई कामगारांची खूण. महाकाय पेशीही सीडी68 वाल्याच. मग झाली ना केस क्लोज? नाही!

2006 मध्ये स्टॅनफर्डच्या रॉबर्ट वेस्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गुणसूत्रातला बिघड फक्त 2 ते 16 टक्के पेशींत असतो. त्या बिघाडामुळे या पेशी सीएसएफ1 नावाचं प्रोटीन भरमसाट बनवतात. हे प्रोटीन म्हणजे मॅक्रोफेजना आवतणच! बाकीची गर्दी त्या हाकेला ओ देऊन जमलेली. पुढे 2009 मध्ये क्लस्टरिन हे मार्कर मिळालं. ते अस्तराच्या मूळ पेशींवर असतं आणि गाठीतल्या मोठ्या पेशींवरही. सूत्रधार घरातलाच निघाला.

याचा उपयोग काय? हाक ऐकणारा कान बंद केला, तर गर्दी पांगेल. तो कान म्हणजे सीएसएफ1 चा रिसेप्टर. तो अडवणारं पेक्सिडार्टिनिब हे औषध अमेरिकेत 2019 मध्ये मंजूर झालं, ऑपरेशनचा फारसा फायदा होणार नाही अशा प्रौढ पेशंटसाठी. यकृताला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून कडक इशाऱ्यासह. 2025 मध्ये व्हिमसेल्टिनिब आलं.

आज या आजाराच्या नावातच ट्यूमर आहे: टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर. पण नावात मान मिळालाय महाकाय पेशींना, ज्या स्वतः बोलावलेल्या पाहुण्या! संख्येने जास्त तोच जबाबदार असं नसतं, एवढं या गाठीने नक्की शिकवलं.