कुष्ठरोग (महारोग, रक्तपिती)

कुष्ठरोग : त्वचा आणि त्वचेलगतचे मज्जातंतू यांना ग्रासणारा, अतिशय मंद गतीने वाढणारा आणि आज औषधोपचाराने निश्चित बरा होणारा जंतुजन्य विकार. आयुर्वेदीय ग्रंथांत ‘कुष्ठ’ ही संज्ञा फार व्यापक असून तीत सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे अशा अठरा त्वग्विकारांचा समावेश होतो. शिवाय आठ महागदांत, म्हणजे दुःसाध्य व्याधींत, कुष्ठाची गणना केलेली असल्यामुळे ‘महारोग’ हे नाव त्याला चिकटले असावे. त्या आठांत प्रमेह आणि मूळव्याधही आहेत. परंतु प्रमेह झालेल्या गृहस्थाला कोणी महारोगी म्हणत नाही, की वेशीबाहेर काढीत नाही. कोड, म्हणजे तथाकथित श्वेतकुष्ठ, हा तर सर्वस्वी निराळा विकार. त्यात त्वचेचे रंगद्रव्य तेवढे नाहीसे होते, स्पर्शज्ञान शाबूत राहते आणि संसर्गाचा प्रश्नच उद्भवत नाही. पण ‘श्वेतकुष्ठ’ या एका शब्दापायी कित्येक सोयरिकी विनाकारण मोडल्या आहेत.

या रोगाचा जंतू १८७३ साली नॉर्वेतील बर्गेन येथे गेऱ्हार्ड आर्मावर हॅन्सन यांनी शोधून काढला. तो क्षयाच्या जंतूचा भाऊबंद. मात्र कमालीचा आळशी. एकाचे दोन व्हायला त्याला बारा ते चौदा दिवस लागतात, आणि शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसू लागेपर्यंत सामान्यतः तीन ते पाच, क्वचित वीस वर्षेही लोटतात. इतक्या अवधीनंतर रोग कोणापासून जडला याचा माग लागत नाही; आणि माग लागला नाही की पूर्वजन्मीचे पाप, देवीचा कोप, घराण्यातला दोष अशी कारणे आपोआप पुढे येतात. वस्तुतः उपचार न घेतलेल्या सांसर्गिक रुग्णाच्या नाकातोंडावाटे उडणाऱ्या तुषारांतून, तेही दीर्घकाळच्या निकट सहवासात, रोग पसरतो. बहुसंख्य माणसांत त्याविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असते, आणि उपचार सुरू होताच रुग्णाची संसर्गक्षमता लवकरच संपुष्टात येते.

या जंतूला शरीराच्या गाभ्यापेक्षा किंचित थंड जागा मानवते. म्हणून तो त्वचा, नाक, कानाच्या पाळ्या आणि कोपर, गुडघा, घोटा अशा ठिकाणी वरवर धावणाऱ्या नसा यांत ठाण मांडतो. कोपराला धक्का बसला असता हातभर झिणझिण्या आणणारी जी नस, ती बिघडली म्हणजे करंगळी व अनामिका आत वळतात आणि पुढे पंजाला नखरासारखा आकार येतो. गुडघ्याखालची बाहेरची नस गेली म्हणजे पाऊल लुळे पडते आणि चालताना चप्पल केव्हा निसटली हे मागे वळून पाहिल्याखेरीज कळत नाही. चेहऱ्याची नस गेली म्हणजे पापणी मिटत नाही, उघड्या डोळ्यात धूळ जाते, व्रण होतात आणि अखेरीस दृष्टीच जाते. ‘महारोगात बोटे झडतात’ असे जे सर्रास बोलले जाते, त्यात तथ्य नाही. बोटे झडत नाहीत. ती बधिर होतात, आणि बधिर हाताने रोजचे काम चालूच राहिल्यामुळे झिजतात. तव्यावरची ज्वारीची भाकरी हाताने उलटणाऱ्या बाईला चटका जाणवत नाही. पिठाने माखलेला हात धुताना फोड तिच्या दृष्टीस पडतो. कापूस वेचताना उकललेल्या बोंडाची वाळकी टोके बोटे रक्ताळतात, तरी वेचणी थांबत नाही. पऱ्हाटीचा खुंट तळव्यात शिरला तरी माणूस दिवस मावळेपर्यंत त्याच पायावर वावर पालथे घालतो, आणि झोपेत उंदराने बोट कुरतडले तरी त्याला जाग येत नाही. अशा जखमा चिघळत हाडापर्यंत जातात, हाड आखडते, बोट आखूड होते. वेदना हा शरीराचा जागल्या होय. तो गाव सोडून गेल्यावर जी लूट होते, तिलाच लोक रोग समजतात.

तेव्हा ओळख पटवायची ती बधिरतेवरून. फिकट अथवा लालसर चट्टा, जो खाजत नाही, दुखत नाही आणि ज्यावर घाम येत नाही, तो संशयास्पद मानावा. कानाच्या पाळ्या जाड होणे, त्वचा तेलकट चकाकणे, हातापायांना मुंग्या येणे हीही लक्षणे होत. तपासणीची एक साधी रीत अशी : रुग्णाला डोळे मिटावयास सांगून कापसाचे पीळ दिलेले टोक आधी निरोगी त्वचेवर, मग चट्ट्यावर अलगद टेकवतात, आणि जेथे स्पर्श जाणवेल तेथे बोट ठेवण्यास सांगतात. वऱ्हाडात तरी या परीक्षेच्या साहित्याला तोटा पडू नये.

विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात डॅप्सोन हे औषध हाती आले. पुढे जंतू त्याला दाद देईनासे झाले, म्हणून १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीने रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन व डॅप्सोन यांचा संयुक्त, म्हणजे बहुविध, औषधोपचार रूढ झाला. पाचपर्यंत चट्टे असल्यास तो सहा महिने, अधिक असल्यास बारा महिने घ्यावा लागतो. रिफॅम्पिसिनने लघवी लालसर होते आणि क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. हा रंग पुढे ओसरतो, परंतु ‘औषध बाधले’ अशा समजुतीने गोळ्या मध्येच टाकणारे पुष्कळ. उपचार चालू असताना चट्टे एकाएकी सुजले, नस ठणकू लागली, तर ती शरीराची प्रतिक्रिया असते. गोळ्या न थांबवता त्वरित दवाखाना गाठावा, कारण नस वाचवण्याचा अवसर अशा वेळी थोड्या दिवसांचाच असतो. जंतू मरतात, पण मेलेली नस परतत नाही : बरा झालेला माणूस अपंग का राहतो, याचे उत्तर एवढेच आहे. त्याने रोज पाय न्याहाळावेत, वीस मिनिटे साध्या पाण्यात बुडवून घट्टे घासावेत, ओल्या कातडीला तेल लावावे आणि मऊ सूक्ष्मछिद्री रबराची (एमसीआर) चप्पल वापरावी. वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी विकसित केलेल्या स्नायुबंध बदलण्याच्या शस्त्रक्रियेने वळलेला पंजा पुष्कळदा कामाला लावता येतो.

वऱ्हाड-नागपूरचा टापू कुष्ठसेवेच्या इतिहासात अग्रभागी आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये काम आरंभले. वरोऱ्याचे बाबा आमटे यांचे आनंदवन त्यानंतरचे. या दोहोंच्या मध्ये, १९४६ साली, स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्ते डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धन यांनी अमरावती शहराबाहेर जगदंबा कुष्ठनिवास उभारला. लोक त्याला तपोवन म्हणतात. भिक्षेच्या वाडग्याऐवजी रुग्णाच्या हाती काम द्यावे, हा त्यामागचा आग्रह होता. आनंदवनाचा जेवढा बोलबाला झाला तेवढा तपोवनाचा झाला नाही, हे प्रस्तुत नोंदकाराच्या मते अन्यायाचे आहे. अचलपूर-परतवाड्याच्या बाजूला कोठारा येथे मिशनचे कुष्ठरुग्णालय आहे. संस्थांखेरीज, पूर्णाकाठच्या ऋणमोचनला पौषात भरणाऱ्या यात्रेत गाडगेबाबांनी अंध, पंगू आणि व्याधिग्रस्त यांना अन्नवस्त्र देण्याचा परिपाठ घातला होता.

कायद्याची चाल मात्र धिमी. १८९८ च्या कायद्याने निर्धन कुष्ठरोग्याला वॉरंटावाचून अटक करण्याची आणि आश्रमात डांबण्याची मुखत्यारी पोलिसांना दिली होती. सार्वजनिक विहिरीवर स्नान, खाद्यपदार्थांची विक्री अशा गोष्टींची त्याला मनाई करता येत असे. हा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ पर्यंत कायद्यात होते. राष्ट्रीय पातळीवर रोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आल्याचे सरकारने २००५ च्या अखेरीस जाहीर केले. त्याचा अर्थ रोग संपला असा अनेकांनी घेतला, आणि तो चुकीचा होता.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ यात एकवीस प्रकारांपैकी एक ‘कुष्ठमुक्त व्यक्ती’ हा आहे. हातापायांची संवेदना गेली असून व्यंग दिसत नाही, अशी व्यक्तीही त्यात मोडते. ही गोष्ट लाभार्थ्यांनाच बहुधा ठाऊक नसते. औषध प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते आणि चट्टा प्रथम गावच्या आशाताईला दाखवला तरी चालतो. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी अमरावतीकरांनी ‘इर्विन’ या जुन्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्हा रुग्णालयात, अकोलेकरांनी सर्वोपचार रुग्णालयात चौकशी करावी. जाताना उपचार पूर्ण झाल्याचा शेरा असलेले जुने कागद सोबत न्यावेत.