मॅट्रिक, जिल्हा आणि नोकरीची यादी

मित्रहो, आसेगावात बसून बोलतो आहोत तर विषयही इथलाच घेऊ. मॅट्रिक झालेल्या पोराला पहिली नोकरी लागायची कशी? 'हुशार होता, लागली,' असं आपण म्हणून मोकळे होतो. पण गुणांपेक्षा दोन गोष्टींनी जास्त ठरवलं. सरकार कोणत्या कामाला 'जागा' म्हणतं, आणि त्या जागांचं दप्तर गावापासून किती लांब आहे.

लांबीचं आधी पाहू. वाशीम १९०५पर्यंत स्वतंत्र जिल्हा होता, मंगरूळ त्यातला तालुका. १९०५ साली तो मोडला आणि आपण अकोल्याला जोडले गेलो. पुन्हा जिल्हा मिळाला १ जुलै १९९८ला. मधली त्र्याण्णव वर्षं जिल्ह्याचं कोणतंही काम म्हणजे अकोला.

गावातली हक्काची लेखणी पटवाऱ्याची, आणि वऱ्हाडात ती घराण्यात चाले. त्यासाठी १९०० सालचा पटेल-पटवाऱ्यांचा खास कायदाच होता. बाकीच्यांनी शिकून मास्तर व्हायचं. मराठी सातवीची 'फायनल' झाली की तेवढ्यावर प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळे.

१ मे १९६२ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि चित्र पालटलं. शिक्षक, ग्रामसेवक, पंचायत समितीतले कारकून, अशा जागा एकदम निघाल्या. त्याच सुमारास कमी उत्पन्नाच्या घरांना ईबीसीची फीमाफी मिळू लागली, म्हणून मॅट्रिक, म्हणजे तेव्हाची अकरावी, होणारी पोरंही वाढली. थोडी वर्षं दोन्हींचा मेळ बसला. मग जागा भरल्या, पोरं येतच राहिली.

आता त्या कार्डाकडे येऊ. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड! यष्टीनं अकोल्याला जायचं, मार्कशीट दाखवायची, नाव नोंदवायचं, नंबर घ्यायचा. मुदत संपायच्या आत नूतनीकरण, नाहीतर ज्येष्ठता गेली. आणि घरी रोज एकच प्रश्न, 'कॉल आला काय रे?' आमच्या पिढीतल्या कित्येकांची पंचविशी या प्रश्नात गेली.

यामागचा कायदा १९५९चा, लागू झाला १ मे १९६०ला, महाराष्ट्र जन्मला त्याच दिवशी. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे कायदा हाती आला की व्याख्या आणि अपवाद आधी वाचतो. हा कायदा मालकाला सांगायचा, रिकामी जागा कळवा. यादीतलाच माणूस घ्या, असं मात्र सांगत नव्हता. तशी सक्ती नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. खाजगी शेतीतलं काम वगळलं. घरकाम वगळलं. तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीचं काम वगळलं. साठ रुपयांपेक्षा कमी पगाराची जागासुद्धा वगळली. म्हणजे कापूस वेचणी, सोंगणी, जिनातलं महिना-दोन महिन्यांचं काम, आसेगावात जे काही काम होतं त्यातलं बहुतेक सगळं या कायद्याच्या हिशेबी नव्हतंच. पोरगा दिवसभर बापासोबत वावरात राबला तरी कार्डावर तो बेकारच. घरचेही त्याला बेकारच म्हणू लागले, हे आम्हाला जास्त लागतं.

मग रोजगार हमी आली. दुष्काळात सुरुवात झाली, १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून अंमल. इथं मात्र कामाची हमी होती, फक्त ती अंगमेहनतीच्या अकुशल कामाची. खडी फोडणाऱ्याला शिक्षण लागत नाही, पण मस्टर भरायला लागतं. त्यामुळे कामावर शिकलेला पोरगा दिसायचा तो बहुधा वही घेऊन, हजेरी मांडत. गावच्या कामावरच तो लागला तर वहीत स्वतःच्या काकू-मावश्यांची नावं. त्याचीही नोकरी तात्पुरतीच, पण ती लेखणीची, म्हणून लग्नाच्या बोलणीत चालायची. हसू नका, हे खरं आहे.

पुढचं थोडक्यात. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की केवळ एक्स्चेंजनं पाठवलेल्या नावांवर भरती नको, जाहिरातही द्या. यादीतल्या नंबराचा दबदबा तिथंच उतरला. त्यानंतर दोन वर्षांनी वाशीम जिल्हा झाला. दप्तर जवळ आलं, पण तोवर त्यातल्या नंबराला पूर्वीचं वजन राहिलं नव्हतं. आणि २००० साली शिक्षणसेवक योजना आली. ज्या मास्तरकीपासून आपण सुरुवात केली, तीच आता बारावी-डीएड झालेल्या पोराला पहिली तीन वर्षं महिना तीन हजार मानधनावर मिळू लागली.