संगीत प्रहसनाची कुळकथा

कर्कीच्या भागवत मंडळींचे खेळ १८४२ साली सांगलीस झाले, आणि तसे काही मराठीत व्हावे, अशी आज्ञा संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी पदरच्या विष्णुदास भाव्यांस केली. त्या आज्ञेतून पुढल्या वर्षी 'सीतास्वयंवर' उभे राहिले, हे सर्वश्रुत आहे. त्या खेळात गाणे आणि हास्य कसे नांदत होते, हे मात्र क्वचितच कोणी तपासतो. पदे सारी सूत्रधाराने म्हणायची आणि देव-दानवांनी आपापली भाषणे आयत्या वेळी रचून बोलायची, असा संकेत होता. अंगास झाडपाला बांधून नाचत येणारा विदूषक सूत्रधाराशी हुज्जत घालून लोकांस हसवी. हास्य होते, संगीतही होते; पण हास्यास स्वतःचे कथानक नव्हते.

१८५१ मध्ये आप्पासाहेब निवर्तले, राजाश्रय सरला आणि भाव्यांची मंडळी मुलूखगिरीस निघाली. १८५६ साली अमरचंदवाडीकर मंडळींनी पौराणिक खेळास गद्य 'फार्स' जोडला, आणि ती चाल इतरांनीही उचलली. कथानक लाभले, पण गाणे सुटले. त्याच काळात, १८६५ च्या सुमारास, तेव्हा सातारा जिल्ह्यात मोडणाऱ्या तासगाव तालुक्यातील सावळजच्या उमाजींनी 'मोहना-बटाव' हा वग रचला. तमाशाच्या फडात सोंगाड्याचा विनोद आणि शाहिराचे गाणे एकमेकांस कधीच परके नव्हते. शिष्ट रंगभूमीने हा शेजार मानला असता, तर तिला आणखी अर्धशतक तिष्ठावे लागले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तो सांधा अखेर जुळविला सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी. मोलियेरच्या १६६० च्या प्रहसनावरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये इंग्रजी नाटक रचले होते. त्याच्या आधारे देवलांनी १८९३ साली 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक लिहिले. मूर्च्छित तरुणीच्या हातून तसबीर गळते, ती दुसरीच स्त्री उचलते, तिच्या हाती परपुरुषाची तसबीर पाहून नवरा भडकतो, आणि तिनेही त्याला त्या तरुणीस सावरताना पाहिलेले असते: एवढ्याशा वस्तूवर दोन जोडप्यांचा संशय पेटतो. याच नाटकात पुढे पदे घालून देवलांनी 'संशयकल्लोळ' सिद्ध केले. १९१६ च्या जूनमध्ये ते कालवश झाले. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले, आणि बालगंधर्वांची गाणारी रेवती व गणपतराव बोडसांचा संशयी फाल्गुनराव एकाच कथानकात वावरू लागले.