ताऱ्यांची नावं आणि जमिनीची मालकी

ऑस्ट्रेलियातले पाश्चात्त्य पद्धतीचे ज्योतिषी मेषेपासून वसंत मोजतात. पण तिथे मार्चमध्ये शरद लागतो! ही राशीपद्धत वसाहतीबरोबर तिथे आली. तिथल्या मूळ रहिवाशांचं आकाश वेगळं होतं. व्हिक्टोरियातल्या टायरेल सरोवराकाठचे बूराँग लोक स्वातीला मार्पीनकुर्क म्हणत. संध्याकाळी ती उत्तरेला दिसली, की मुंग्यांचे कोष खायला मिळण्याचा हंगाम आला. हे १८५७ मध्ये मांडलं विल्यम स्टॅनब्रिजने. आणि हा स्टॅनब्रिज कोण? त्याच मुलखात मेंढ्यांसाठी जमीन व्यापून बसलेला गोरा! म्हणजे ताऱ्यांची नावं कागदावर राहिली, जमीन मात्र गेली. म्हणून तिथे पत्रिका मांडताना ‘ही भूमी अमक्यांची’ एवढं म्हणून भागत नाही. ती त्यांच्या हातून कशी गेली, तेही सांगावं लागतं.